रोव्हर्स चषक परत आणा, पण तो कूपरेजवरच थांबवू नका

ऑगस्ट २०२३ मध्ये सौदी अरेबियातल्या ताइफ शहरात अल नस्रने अल हिलालला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल रोनाल्डोचे होते, म्हणून ही बातमी आपल्यापर्यंत पोहोचली. ही अरब देशांतल्या क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा. १९८१-८२ मध्ये ती सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद बगदादच्या अल शुर्ताने मिळवलं. पुढे तिचं नाव अनेकदा बदललं आणि खंडही बरेच पडले. २००९ नंतर ती थांबली, २०१२ मध्ये सुरू झाली, २०१३ नंतर पुन्हा थांबली आणि २०१७ मध्ये परत उभी राहिली. त्या त्या देशांच्या लीग आणि आशियाई-आफ्रिकी स्पर्धा यांमधून तारखा काढणं तिथल्या संघटनेलाही सोपं नव्हतं. तरीही बंद पडलेली स्पर्धा मेली असं तिथे कुणी धरून चाललं नाही. महाराष्ट्राने मात्र याहून कितीतरी जुन्या स्पर्धेबद्दल तसंच धरलं आहे.

मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. सिमल्याच्या ड्युरंड चषकानंतर अवघ्या तीन वर्षांनी. सुरुवातीला तो गोऱ्या पलटणींचाच होता. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पोहोचला आणि हरला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा पहिल्यांदा भारतीय संघाचं नाव त्यावर कोरलं गेलं. मग १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी तो कुणालाच दिला नाही. सय्यद अब्दुल रहीम या संघाचे प्रशिक्षक होते. याच रहीम यांनी १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्ण मिळवून दिलं. म्हणून 'इंग्रजांची आठवण कशाला जपायची' हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. चषक इंग्रजांनी ठेवला हे खरं, पण त्याला मोल आलं ते आपल्या खेळाडूंमुळे. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली, तारखांची ओढाताण वाढली आणि २०००-०१ च्या हंगामानंतर रोव्हर्स खेळलाच गेला नाही.

लीग असताना चषक कशाला, असं विचारणाऱ्यांनी दोन्हींच्या रचनेतला फरक पाहावा. लीगमध्ये ठरलेले क्लब एकमेकांशी खेळत राहतात. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) संघ जिल्ह्याच्या संघासमोर उभा राहील, अशी सोय तिथे नाही. चषकात ती करता येते. ड्युरंडने ती करून दाखवली. २०१९ मध्ये कोलकात्याला आलेली ही स्पर्धा २०२३ मध्ये आसामातल्या कोक्राझारला पोहोचली आणि तिथला बोडोलँड एफसी मोठ्या क्लबांच्या रांगेत उतरला. २०२५ मध्ये त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षी जुलैमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेला करार संपत आल्याने आयएसएलच्या आयोजकांनी पुढचा हंगाम थांबवून ठेवला होता. क्लबांना खेळाडूंचे पगार कसे द्यायचे ही चिंता होती, तेव्हा ड्युरंडचे सामने मात्र सुरू होते. सगळा खेळ एकाच करारावर टांगून ठेवला की काय होतं, हे तेव्हा देशाला दिसलं.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. अरब स्पर्धेमागे तेलाचा पैसा आहे, ड्युरंडमागे सैन्यदलं आणि यजमान राज्यांची सरकारं आहेत. रोव्हर्समागे कुणीतरी उभं राहिल्याशिवाय तो होणार नाही, आणि ते कुणीतरी राज्य सरकारच असलं पाहिजे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, याच सरकारने राज्यभरातल्या शाळांतून दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम आखला होता. तो हेतू चांगला होता. पण एका दिवसाच्या खेळानंतर मुलांनी कुठे जायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं. प्रेक्षक मिळणार नाहीत, ही भीतीही मुंबईबाहेर पाहिलं की कमी होते. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार या तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, आणि त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

आमचा बुलढाणा जिल्हा म्हणजे कोल्हापूर नव्हे, हे मान्य. इथे कबड्डी आणि क्रिकेट पुढे आहेत, आणि फुटबॉलला तालमींची तशी परंपरा नाही. पण कोक्राझारलाही ड्युरंड आधीच्या मोठेपणामुळे मिळाला नव्हता. मलकापूर आणि शेगाव मुंबई-हावडा लोहमार्गावर आहेत, मेहकर आणि सिंदखेड राजा समृद्धी महामार्गाला लागून आहेत. संघांना इथे आणणं आता अवघड राहिलेलं नाही. अंतिम सामना मुंबईच्या कूपरेज मैदानावरच व्हावा, तो त्या मैदानाचा हक्क आहे. पण पात्रता फेरी विभागवार घ्यावी, बुलढाणा ज्यात येतो त्या अमरावती विभागाची एक जागा राखावी आणि त्या फेरीचे सामने पाच जिल्ह्यांत आळीपाळीने भरवावेत. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि क्रीडा खात्याने एकत्र बसून पुढच्या हंगामाच्या तारखा आधी ठरवाव्यात, प्रायोजक नंतर शोधावा. आणि बुलढाण्यासाठी पहिली मागणी चषकाचीही नाही: जिल्ह्यात गवताचं, पूर्ण मापाचं एक मैदान राखून ठेवा, आणि त्यावर सभा-प्रदर्शनांचे मांडव घालू देऊ नका.