संस्थेच्या विक्री वेबसाइटची फेररचना पुढील आंबा हंगामापूर्वी पूर्ण करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ,
आंबा उत्पादक सहकारी संस्था,
जि. रत्नागिरी

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे संस्थेचे सभासद बागायतदार आहोत. यंदाचा हंगाम आटोपला आहे. थेट ग्राहकाला गेलेला माल किती आणि वाशीच्या बाजारात पाठवावा लागलेला किती, हे ताडून पाहताना एक गोष्ट आम्हाला फार लागली. मुंबई-पुण्याचा ग्राहक आपले नाव ऐकून वेबसाइटवर येतो आणि काही न घेता निघून जातो. तोच आंबा मग दलालामार्फत विकला जातो आणि पट्टीवर जो दर येईल तो आम्ही मान्य करतो. आपली वेबसाइट हे वर्षातून जेमतेम अडीच-तीन महिने उघडे राहणारे दुकान आहे. एप्रिलमध्ये ते नीट चालले नाही, तर जूनमध्ये दुरुस्त करून उपयोग नसतो. म्हणून हे निवेदन.

सध्याची स्थिती मंडळाने स्वतः मोबाइलवर पाहावी, ही पहिली विनंती. बहुतेक ग्राहक मोबाइलवरूनच येतात आणि तिथे आपले पान अर्धे बाहेर जाते. वरची फिरती चित्रे इतकी जड आहेत की आमच्या वाडीत ती उघडतच नाहीत. दरपत्रक हे एक चित्र आहे. ते मोठे करून वाचावे लागते, आणि चित्रातला मजकूर असल्याने अंध ग्राहकाच्या वाचक सॉफ्टवेअरला काहीच कळत नाही. मराठी पान जुन्या फॉन्टमध्ये असल्याने अनेकांना अक्षरांऐवजी चिन्हांची रांग दिसते. मागणीचा अर्ज ज्या ईमेलवर जातो तो हंगामात उघडला जात नाही. गेल्या हंगामाची ‘बुकिंग सुरू’ ही पट्टी अजून झळकते आहे. आणि सर्वांत वेदना देणारी गोष्ट : मुखपृष्ठावरचा लालसर आंबा हापूस नाही. आपल्या बागांमध्ये एवढी कलमे उभी असताना कुठून तरी उचललेला फोटो आपण लावावा, हे आम्हाला सहन होत नाही.

नव्या रचनेत सर्वाधिक लक्ष आंब्याची ओळख पटवण्यावर द्यावे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या आंब्याला ‘हापूस’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही इतर राज्यांतून आलेला आंबा रत्नागिरी, देवगड अशा नावांच्या खोक्यांत विकला जातो, हे बाजारात सर्वांना माहीत आहे. ग्राहकाला फरक कळावा कसा? आपल्याकडे उत्तर आहे, ते वेबसाइटवर नाही. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेल्या सभासदांचा नोंदणी क्रमांक त्यांच्या संमतीने द्यावा. प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड लावावा आणि त्याने ग्राहकाला गाव, बाग आणि काढणीची तारीख सांगणाऱ्या पानाकडे न्यावे. फोटो आपल्याच बागांचे, काढणीचे, आढीचे असावेत.

दुसरी गोष्ट प्रतवारीची. ‘मोठा’, ‘मध्यम’, ‘स्पेशल’ हे शब्द बागायतदारागणिक बदलतात. एका आंब्याचे ग्रॅममधले वजन, पेटीतील डझन, पोहोच खर्चासह एकूण रक्कम आणि पोहोचण्याचा अंदाजे दिवस, हे सगळे मागणी नोंदवण्याआधी एकाच ठिकाणी दिसावे. पिनकोड टाकताच तिथे माल जातो की नाही हे कळावे. पैसे भरल्यावर मालच त्या गावी जात नाही असे कळले, तर ग्राहक पुन्हा आपल्याकडे येत नाही.

साक्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमचे निम्मे भांडण तिथेच होते. साका, म्हणजे गरातला बिघाड, बाहेरून ओळखू येत नाही, फळ कापल्यावरच दिसतो. बागायतदाराने फसवले असे ग्राहकाला वाटते आणि बागायतदार म्हणतो, माझ्या हातात काय होते? दोघांचेही म्हणणे खरे आहे. वेबसाइट याबद्दल चकार शब्द काढत नाही. आमचे मत असे की हे लपवण्यासारखे नाही. साका म्हणजे काय, तो निघाला तर फोटो किती तासांत पाठवायचा, किती नगांपर्यंत भरपाई मिळेल आणि ती पैशांत की पुढच्या पेटीत, हे स्पष्ट लिहावे. भरपाईचा भार संस्थेने आणि बागायतदाराने कसा वाटून घ्यायचा ते मंडळाने ठरवावे. आम्ही आमचा वाटा उचलायला तयार आहोत. तसेच पेटी कच्ची पोहोचली की ‘हिरवा आंबा पाठवला’ अशी तक्रार येते. पेटी उघडून फळे पेंढ्यात कशी मांडावीत, पिकण्याआधी फ्रिजमध्ये का ठेवू नयेत, याचे पान हवे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. आपण ते वापरत नाही, तर आपण आंबा कसा पिकवतो हेही तिथे सांगावे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याचे कायदेशीर नाव, पत्ता, परतावा व पोहोच यांच्या अटी आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील वेबसाइटवर असावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. आज यातले काहीच नाही. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांकही द्यावा.

मजकूर युनिकोड मराठीत आणि इंग्रजीत हवा. आपला नियमित ग्राहक वयाने मोठा आहे. केशरी पार्श्वभूमीवर फिकट पिवळी अक्षरे त्याला दिसत नाहीत. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील उठावाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, हा आंतरराष्ट्रीय निकष कामाच्या करारातच लिहावा.

दर आणि शिल्लक बदलण्याचे काम कार्यालयातील कर्मचाऱ्याला मोबाइलवरून करता आले पाहिजे. अवकाळी पावसाने एका रात्रीत अंदाज बदलतो आणि आज दर बदलायला ठेकेदाराच्या फोनची वाट पाहावी लागते. त्याहून गंभीर म्हणजे वेबसाइटचे नावच संस्थेच्या नावावर नोंदलेले नाही, असे आम्हाला कार्यालयात सांगण्यात आले. ते खरे असेल तर नवे काम देण्याआधी नाव, होस्टिंग, सर्व पासवर्ड आणि ग्राहकांची यादी संस्थेच्या ताब्यात घ्यावी. ग्राहकांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय कोणालाही दिली जाऊ नये.

फेररचनेच्या उत्साहात जुने पत्ते मात्र तोडू नयेत. आपल्या जुन्या खोक्यांवर, बिलांवर, ग्राहकांच्या व्हॉट्सअॅपवर तेच पत्ते आहेत. प्रत्येक जुने पान नव्या पानाकडे कायमस्वरूपी वळवावे आणि ही सोय किमान १ वर्ष, शक्यतो त्याहून अधिक काळ राहावी. नाहीतर गूगलवर वर्षानुवर्षे मिळवलेली जागा आपणच सोडून देऊ.

वेळेबाबत आमचा आग्रह आहे. खर्चाचा विषय ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. किमान ३ लेखी दरपत्रके मागवून सभासदांसमोर ठेवावीत. बागेत मोहोर दिसू लागेल तोवर, म्हणजे डिसेंबरअखेर, वेबसाइट तयार असावी. जानेवारीत काही जुन्या ग्राहकांकडून खरी मागणी नोंदवून ती तपासावी आणि फेब्रुवारीनंतर रचनेत मोठा बदल करू नये. देखरेखीसाठी एक छोटी समिती नेमावी. तिच्यात हंगामात फोनवर मागण्या घेणाऱ्या महिला सभासद असाव्यात, कारण ग्राहक काय विचारतो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

सभेच्या सूचनेपूर्वी या निवेदनाला लेखी उत्तर मिळावे आणि आमच्या प्रतिनिधींना मंडळाच्या पुढील बैठकीत बाजू मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपले विश्वासू,
संस्थेचे सभासद बागायतदार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)