आत्यांना सिंगापूर दाखवताना



चातुर्मास संपल्यावर सांगलीहून माझ्या आत्या पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. वय अडुसष्ट, विमानात पहिल्यांदाच बसल्या. सामानात पाणी गाळायचं दुहेरी फडकं, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची एक छोटी पिशवी. ज्वारी कशाला ते नंतर कळलं.

मी महिनाभर आधी यादी करून ठेवली होती. मरीना बेचा दिव्यांचा खेळ, गार्डन्स बाय द बेमधली रोषणाईची झाडं, नाईट सफारी. यादी आत्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हे सगळं दिवस मावळल्यावरच असतं होय गं?" खरंच की! इथं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हेच दाखवत आले होते, पण आमच्या बेटाची मिरवायची जागा रात्रीतच आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आत्या दिवेलागणीला सामायिकाला बसतात. त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही.

अशा वेळी आपण काय म्हणतो? "प्रवासात थोडी सूट असते हो, आत्या." हे वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं. आपल्यातल्या कितीतरी जणी सासूबाईंना, आईला हे प्रेमानंच म्हणतात. पण मला आता वाटतं की ही सूट आपण त्यांच्यासाठी मागतच नसतो. आपला बेत मोडू नये म्हणून मागत असतो. त्या बिचाऱ्या आपल्याला वाईट वाटू नये म्हणून मान डोलावतात आणि घरी गेल्यावर प्रायश्चित्त घेतात.

मी यादी फाडली आणि आम्ही सकाळी फिरायला लागलो. बोटॅनिक गार्डन 1859 सालचं आहे, पहाटे पाचला उघडतं आणि पैसे लागत नाहीत. तिथं छत्रीसारखं पसरलेलं एक प्रचंड झाड बघून आत्या थबकल्या. "अगं, हे तर आपल्याकडं रस्त्याकडेला असतंय!" खरंच, आपला पर्जन्यवृक्ष. संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात, म्हणून मलय लोक त्याला 'पुकुल लिमा' म्हणतात. पुकुल लिमा म्हणजे पाच वाजले. हे सांगितल्यावर आत्या खूश. "बघ, झाडालासुद्धा दिवस कळतो."

मला टोमणा कळला. मी विषय बदलला.

मग वॉटरलू स्ट्रीटवर नेलं. तिथं कृष्णाचं देऊळ आणि चिनी लोकांचं क्वान यिन देवीचं देऊळ अगदी शेजारी शेजारी आहेत. चिनी बायका एकीकडे उदबत्ती लावून दुसरीकडेही लावतात. जवळच चिनी शाकाहारी खानावळी आहेत. बौद्ध परंपरेमुळे त्यांच्या शाकाहारात कांदा-लसूण चालत नाही, हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर ताट आलं. गव्हाच्या सत्त्वाचं आणि सोयाबीनचं बदक, वर सालीचे खवलेसुद्धा हुबेहूब. आत्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हा पिठाचा कोंबडा झाला."

यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. जिवंत कोंबडा नको म्हणून त्यानं आणि आई चंद्रमतीनं देवीपुढं पिठाचा कोंबडा कापला. भाव मात्र कापण्याचाच होता, म्हणून दोघांना किती जन्म पशुयोनीत काढावे लागले. मी वर्षानुवर्षं मुलाला असलं नकली चिकन खाऊ घालत होते, शाकाहारीच तर आहे म्हणून. कोणी बौद्ध माणूस मांस सोडायला त्याचा आधार घेत असेल, तर त्याला मी नावं ठेवणार नाही. ज्यानं मांस कधी खाल्लंच नाही त्या माझ्या मुलाला त्याची चव कशाला लावायची, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. आम्ही भात आणि परतलेल्या पालेभाज्या घेतल्या.

ज्वारी कबुतरांसाठी होती. इथं पक्ष्यांना दाणे टाकायला कायद्यानं बंदी आहे. मला तो कायदा पटतो, आत्यांना नाही पटला. दोन दिवस त्या गप्प होत्या. शेवटी त्या ज्वारीची भाकरी झाली.

जालान यासीनमधल्या स्थानकात मात्र त्या रमल्या. दिगंबर आणि श्वेतांबर एकाच छपराखाली! आयुष्यभर आपल्या गल्लीतल्या बस्तीतच गेलेल्या आत्यांना आधी चुकल्यासारखं झालं, मग त्या तिथल्या गुजराती बायकांशी तासभर बोलत बसल्या.

आता माझी गोष्ट. नऊ वर्षं मी सांगलीला फोनवर सांगत आले की परदेशात रात्रीभोजन त्याग जमत नाही. आत्या आल्याच्या चौथ्या दिवशी घड्याळ बघून म्हणाल्या, "आत्ता आपल्याकडं सहालाच मावळतंय. तुला तर पावणेसात होतात. बारा महिने असंच?" असंच. विषुववृत्त इथून जेमतेम दीडशे किलोमीटर असेल. सूर्य वर्षभर पावणेसात ते सव्वासात-वीसच्या दरम्यान मावळतो. शिवाय 1982 मध्ये इथलं घड्याळ अर्धा तास पुढं केलेलं आहे. माझं ऑफिस साडेपाचला सुटतं, सव्वासहाला मी घरात असते. "मग अडचण काय आहे?" त्यांनी रागावून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

अडचण सूर्याची नव्हतीच. आमचे हे आठला येतात आणि दिवसातून तेवढंच एक जेवण आम्ही तिघं एकत्र जेवतो. हे मी आत्यांना सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, "मग तू आधी जेव आणि नंतर त्यांना वाढ. पंगतीत बसायला ताट लागतंच असं नाही."

म्हणायला सोपं आहे. पहिल्याच आठवड्यात मुलगा म्हणाला, "आई, तू आता आमच्याबरोबर जेवत नाहीस," तेव्हा पोटात कालवलं. अजूनही आठवड्यातून एक-दोन दिवस मोडतात, शनिवारी हमखास.

आत्या आता रोज फोन करतात. तिकडे दुपारचे चार, त्या झोपून उठलेल्या असतात. इथं साडेसहा.

"उजेड आहे ना गं अजून?"

मी कुकर उतरवत खिडकीतून बघते आणि सांगते, "आहे, आत्या."