गल्लीतील भट्टी आणि तिची पत

दुकानाची खरी ओळख फलकावरून होत नाही. सकाळच्या पहिल्या तासात कोण गिऱ्हाईक येते, यावरून होते. लेबनॉनची राजधानी बैरुत येथील जुन्या वस्तीत सकाळी सहा-सातच्या सुमारास फेरफटका मारणाऱ्यास याचा प्रत्यय येतो. इतर दुकाने अद्याप बंद असतात. गल्लीच्या कोपऱ्यावरील एका दारातून मात्र भट्टीची ऊब आणि भाजलेल्या तिळाचा खमंग वास बाहेर येत असतो. या दुकानास तेथे ‘फुर्न’ म्हणतात. अरबी भाषेत फुर्न म्हणजे भट्टी. दुकानाचे नावही तेच आणि धंदाही तोच.

आतील मांडणी साधी असते. एका बाजूस मळलेल्या कणकेचे गोळे, मध्ये थापण्याचे टेबल, मागे भट्टीचे तोंड आणि भिंतीशी टेकवून ठेवलेले लांब दांड्याचे फावडे. कारागीर गोळा थापून चकती करतो, बोटांच्या टोकांनी तिच्यावर खाचा पाडतो आणि त्यांवर ऑलिव्हच्या तेलात कालवलेले ‘झातर’ पसरतो. झातर म्हणजे ओव्याच्या वासाशी नाते सांगणारी एक रानवनस्पती वाळवून, तीत भाजलेले तीळ, मीठ आणि ‘सुमाक’ नावाच्या आंबट फळाची लालसर पूड मिसळून केलेले मिश्रण. आपल्याकडे आमचुराचे जे काम, तेच तेथे सुमाकचे. काही मिनिटांत चकती भाजून निघते, कागदात गुंडाळली जाते आणि शाळेला निघालेल्या मुलाच्या किंवा कामावर जाणाऱ्याच्या हाती पडते. परीक्षेच्या दिवशी मुलांना झातर खाऊ घातले की स्मरण तल्लख राहते, अशी तेथील मातांची श्रद्धा आहे.

या पदार्थाचे नाव मनऊशे, अनेकवचनी मनाकीश. कोरणे, ठसा उमटवणे या अर्थाच्या ‘नक्श’ या अरबी मुळापासून हे नाव आले, ते त्या बोटांच्या खाचांमुळे. मराठीतील ‘नक्षी’ हा शब्दही त्याच घराण्यातील. २०२३ साली युनेस्कोने मनऊशेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. यादीत गेली ती केवळ पाककृती नव्हे. ती करण्याची, वाटून खाण्याची आणि त्यानिमित्ताने शेजाऱ्यांनी एकत्र येण्याची रीतही तिच्यासह गेली.

ही रीत व्यापारी माणसाने समजून घ्यावी अशी आहे. पूर्वी घरोघरी भट्टी नसे. गृहिणी झातर आणि तेल घरी कालवून वाडग्यातून फुर्नवर घेऊन जाई. कणीक भट्टीवाल्याची, वरचा माल घरचा. भट्टीवाला पैसे घेई ते कणकेचे आणि भाजणावळीचे. आजही अनेक वस्त्यांत ही चाल टिकून आहे. महाराष्ट्रातील वाचकांस यात नवल वाटू नये. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर आणि तूप डब्यांत भरून बेकरीवर नेणे आणि किलोप्रमाणे मजुरी देऊन नानकटाई भाजून आणणे, हे दृश्य अनेकांनी लहानपणी पाहिले आहे. आपल्या डब्यातील शुद्ध तूप आपल्याच नानकटाईत जावे म्हणून घरातील एखादी आजी बेकरीत पाटावर ठाण मांडून बसे. बैरुतच्या भट्टीसमोर वाडगे घेऊन उभी असलेली आजीही वेगळी नसते.

कालांतराने फुर्नसमोर चार खुर्च्या आल्या, मग टेबले आली, आणि भट्टीचे रूपांतर साध्या उपाहारगृहात झाले. ताटात मनऊशेसोबत ‘लबने’ म्हणजे चक्क्यासारखे घट्ट दही, काकडी, टोमॅटो, पुदिन्याची पाने आणि ऑलिव्ह येतात. लेबनीज लोक जगभर पसरले, तसे हे दुकानही त्यांच्यासोबत दुबई, सिडनी, माँट्रियल आणि अमेरिकेतील डिअरबॉर्न येथे गेले. व्यापारानिमित्त किंवा मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांची गाठ त्याच्याशी पडते, ती बहुधा अशाच एखाद्या शहरात.

तेथे जाताना काही गोष्टी माहीत असाव्यात. त्याच भट्टीत मांसाचा थर दिलेली ‘लहम बि अजीन’ही भाजली जाते, अनेकदा त्याच फावड्याने. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी ‘साज’वर भाजलेली मनऊशे मागावी. साज म्हणजे उलट्या कढईसारखा घुमटाकार तवा. तो भट्टीपासून वेगळा असतो. मात्र त्यावर मांसाचे पदार्थ होत नाहीत ना, हे विचारून घ्यावे. हम्मसमध्ये बहुधा लसूण, फलाफलमध्ये कांदा-लसूण आणि तब्बुलेच्या कोशिंबिरीत कांदा असतो. चीज घेताना ते प्राणिज रेनेटचे आहे का, याची चौकशी करावी. पीठ खमिराने फुगवलेले असते; ज्या घरांत खमीर वर्ज्य आहे, त्यांनी लबने, काकडी, ऑलिव्ह यांवर समाधान मानावे. तेथील ख्रिस्ती लोक उपवासाच्या काळात मांस व दूध टाळून जे पदार्थ करतात, त्यांस ‘सियामी’ म्हणतात. हा शब्द उच्चारला की भट्टीवाल्यास अर्धे काम समजते. उरलेले अर्धे ‘बला बसल, बला तूम’, म्हणजे कांद्याविना, लसणाविना, एवढ्या चार शब्दांत होते. आणखी एक सोय आपोआप साधते. मनऊशे मुख्यतः न्याहारीचा पदार्थ असल्याने फुर्नची खरी वर्दळ सकाळी असते. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांस इतके सोयीचे उपाहारगृह परदेशात क्वचितच सापडावे.

येथवरची गोष्ट चवीची झाली. पुढची पतीची आहे.

१९९७ पासून लेबनॉनमध्ये एका डॉलरला १,५०७.५ पाउंड हा दर बांधलेला होता. दोन दशके तो हलला नाही आणि लोकांनी तो हलणार नाही असेच धरून व्यवहार केले. २०१९ च्या हिवाळ्यापूर्वी बँकांनी ठेवीदारांवर पैसे काढण्याची बंधने घातली. चलन घसरत गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत दर १५,००० करण्यात आला. बाजारातील दर त्याच वर्षी पुढे ८९,५०० च्या आसपास जाऊन थांबला. याचा अर्थ साध्या हिशेबाने पाहावा. निवृत्तीच्या वेळी ज्याने १,५०,७५,००० पाउंड ठेवीत ठेवले, त्याच्यापाशी तेव्हा १०,००० डॉलर होते. नव्या दराने त्याच रकमेचे सुमारे १६८ डॉलर झाले. ठेव बुडाली असे पासबुकात कोठेही लिहिलेले नव्हते. आकडा जसाच्या तसा राहिला; त्यामागचे मोल तेवढे निघून गेले.

त्यातच ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरातील स्फोटाने दोनशेहून अधिक लोकांचे प्राण घेतले आणि सुमारे १,२०,००० टन साठवणक्षमतेची धान्याची कोठारे निकामी केली. लेबनॉन बहुतांश गहू आयात करतो आणि त्यातील मोठा भाग युक्रेनकडून येत असे. २०२२ मध्ये तेथे युद्ध पेटले आणि त्या उन्हाळ्यात बैरुतच्या बेकऱ्यांसमोर पावासाठी लांबच लांब रांगा लागल्या. गहू खरेदीसाठी जागतिक बँकेने त्या वर्षी १५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. सरकार साध्या अरबी पावासाठी अनुदानित पीठ देत होते. ते साठवून ठेवल्याचे किंवा जास्त नफ्याच्या मालाकडे वळवल्याचे आरोप काहींवर झाले.

अशा वेळी गल्लीतील भट्टीवाल्यापुढे रोज पहाटे जो प्रश्न उभा राहत असेल, तो कोणत्याही दुकानदारास ओळखीचा वाटेल. पीठ महाग, तेल महाग, भट्टीचे इंधन महाग. समोरच्या गिऱ्हाइकाचा पगार मात्र जुन्याच आकड्यात. भाव किती लावावा? कणकेचा गोळा किंचित लहान करावा का? तेल पातळ करावे का? गिऱ्हाइकास ताबडतोब कळणार नाही, हे त्यालाही ठाऊक असते. भाव वाढले, यात शंका नाही; तोटा सोसून दुकान चालत नसते, आणि बंद पडलेले दुकान कोणाचेच पोट भरत नाही. परंतु वाढलेला भाव फळ्यावर उघड लिहिणे आणि जुन्या भावात गुपचूप कमी देणे, या दोन कृती हिशेबाच्या वहीत सारख्या दिसल्या तरी एक नव्हेत. पहिलीने गिऱ्हाईक नाराज होते. दुसरीने ते कायमचे तुटते.

जुन्या रितीचे मोल अशाच वेळी कळते. ज्याला तयार मनऊशे परवडत नाही, तो घरचे झातर आणि तेल घेऊन येऊ शकतो. गावाकडून आलेले तेल, डोंगरावरून खुडून वाळवलेले झातर त्याच्या घरात असते. त्याला द्यावी लागते ती केवळ कणकेची किंमत व भाजणावळ. दान मागण्याचा प्रसंग येत नाही, उधारीचा संकोच नाही, भट्टीवाल्याची मजुरीही बुडत नाही. गरिबाने मान खाली न घालता दुकानाची पायरी चढावी, अशी सोय व्यवहारातच करून ठेवलेली आहे.

ज्या बँकांपाशी इमारती होत्या, शिक्के होते, व्याजाची आश्वासने होती, त्यांच्या दारांवर ठेवीदार आपलेच पैसे मागत उभे राहिले. भट्टीवाल्याने कोणतेही आश्वासन दिलेले नसते. समोर थापलेली चकती समोरच भाजली जाते, आणि दिलेल्या पैशांचा मोबदला काही मिनिटांत हातात पडतो. त्याची पत रोज सकाळी नव्याने सिद्ध होते आणि संध्याकाळपर्यंत खर्ची पडते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मिळवावी लागते. किराणा, कापड, धान्य किंवा सोने, दुकान कोणतेही असो, आपल्या वाडवडिलांनी पेढीची पत अशीच जमवली होती.

पुढील प्रवासात एखादे लेबनीज दुकान दिसले तर मुलाबाळांसह अवश्य जावे. काउंटरवर घाई न करता आधी चौकशी करावी आणि भट्टी दिसेल अशा जागी बसावे. कारागिरास ‘मुअल्लिम’, म्हणजे उस्ताद, अशी हाक मारली की त्याचा चेहरा खुलतो. ताट पुढे ठेवताना तो बहुधा ‘सह्तैन’ म्हणेल. त्याचा शब्दशः अर्थ ‘दोन आरोग्ये’ असा आहे: खाणाऱ्यास दुप्पट आरोग्य लाभो. मुलांना तो अर्थ सांगावा आणि घरी परतल्यावर, दिवाळीत नानकटाईचे डबे घेऊन एकदा तरी त्यांना गल्लीतल्या बेकरीवर न्यावे.