उंच तारांखालील वाहन

सुटींत गांवीं जाणाऱ्या आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या शेतांवरून आतां उच्च दाबाच्या तारा जातात. अकोल्याहून आपल्या जिल्ह्यांत येणाऱ्या तारांचा दाब ७६५ किलोव्होल्ट, म्हणजे घरांतील विजेच्या तीन हजार पटींहून अधिक आहे.

अशा तारांखालीं उभ्या ट्रॅक्टरास हात लावतांच मुंग्या येतात. कोणी यंत्रास दोष देतो, कोणी जागेस. दोष दोहोंचाहि नाहीं. रबरी चाकांमुळें वाहनाचा जमिनीशीं संबंध तुटतो. तारांतील उलटसुलट वाहणारी वीज स्पर्शावांचून त्याच्या लोखंडांत विद्युद्भार उत्पन्न करते व तो आपल्या देहावाटे जमिनींत उतरतो. लोहाराचे पुत्र मायकेल फॅरडे यांनीं १८३०च्या दशकांत अभ्यासिलेलें प्रवर्तन तें हेंच.

हा झटका बहुधा सौम्य असतो. परंतु दचकून माणूस पडतो, आणि इंधन भरतांना ठिणगी उडाल्यास आग लागते. म्हणून तेथें वाहन उभें करूं नये. थांबणें भागच असल्यास लोखंडी सांखळी वाहनास बांधून जमिनीस टेकवावी. भरलेल्या गाडीवर मात्र कदापि चढूं नये. जवळ गेलेल्या देहावर वीज स्पर्शावांचूनहि झेप घेते, आणि तेथें सांखळी वांचवीत नाहीं.

ज्या विद्यार्थ्यानें प्रवर्तनाची व्याख्या पाठ केली, पण वडिलांस ट्रॅक्टर दूर उभा करण्याविषयीं विनविलें नाहीं, त्याचा धडा, माझ्या मतें, अर्धाच राहिला.