लाजेचे कुलूप कधी उघडणार?

शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिराला १९८१ साली कुलूप लागले. दोन पंथांच्या वादात सामान्य भाविकाला झरोक्यातून दर्शन घेऊन समाधान मानावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्चमध्ये ते दार उघडले. मात्र याच काळात समाजाने आणखी एका दाराला कुलूप घातले, आणि ते काढावे म्हणून कोणी न्यायालयाची पायरी चढले नाही. हे कुलूप लाजेचे आहे. त्याच्या आड व्यसनी आणि एचआयव्हीबाधित माणूस कोंडला गेला आहे.

चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील एक कन्या, डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी १९८६ साली भारतातील पहिले एचआयव्हीबाधित रुग्ण शोधले. त्या वेळी ‘हा पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा रोग, आपल्याकडे कसा येईल?’ असा प्रश्न छातीठोकपणे विचारला जात होता. उत्तर रक्ताच्या नमुन्यांनी दिले. पुढे १९९३ मध्ये वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने डॉ. सुनीतींनी संशोधन व उपचार केंद्र उभारले. इतरांनी दार बंद केलेले रुग्ण तेथे आले. मृत्यूनंतर, २०१७ साली, त्यांना पद्मश्री मिळाली.

त्यांचे पुत्र डॉ. सुनील सॉलोमन यांचे संशोधन एचआयव्ही आणि व्यसनाधीनता यांच्या सांध्यावर आहे. देशातील १५ शहरांत, सुईवाटे अमली पदार्थ घेणाऱ्या १४,४८१ जणांची पाहणी करणाऱ्या चमूत ते होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शहरागणिक एचआयव्हीचे प्रमाण फार वेगवेगळे आढळले. मध्यक शंभरात सुमारे अठरा होता. तपासणी, समुपदेशन, स्वच्छ सुया आणि उपचार एकाच छताखाली देणाऱ्या केंद्रांचा २२ शहरांतील प्रयोगही त्यांच्या चमूने केला. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. केंद्रे असलेल्या शहरांत तपासणीचे प्रमाण अधिक दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरला नाही. ही मर्यादा त्यांनी लपवली नाही. मात्र ज्या शहरांत केंद्रांपर्यंत अधिक लोक पोहोचले, तेथे तपासणीही अधिक झाली. अर्थ उघड आहे. नुसते केंद्र उघडून भागत नाही, माणूस निर्भयपणे तेथवर यावा लागतो.

येथेच संस्कृतीचे स्वयंघोषित राखणदार आडवे येतात. ‘व्यसन्याला स्वच्छ सुई देणे म्हणजे व्यसनाला खतपाणी घालणे,’ असा त्यांचा आक्षेप असतो. त्यांना विचारावेसे वाटते, दूषित सुईमुळे त्याची निष्पाप पत्नी बाधित झाली, तर कोणत्या संस्कृतीचे रक्षण झाले? चेन्नई व पुण्यासह नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवून दिले की, वेळीच औषधोपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. म्हणजे बाधिताला उपचारापर्यंत आणणे हेच त्याच्या कुटुंबाचे रक्षण होय.

‘आमच्या गावात सुयांचा प्रश्नच नाही,’ असेही कोणी म्हणेल. सुया नसतील, दारू तर आहे? दारूच्या अमलाखाली सावधगिरी सुटते, रोजच्या गोळ्या चुकतात आणि औषधांना न जुमानणारा विषाणू बळावतो. रोजगारासाठी शहरांत जाणारा आपला तरुण या धोक्यापासून कोणत्या कवचाने सुरक्षित आहे?

जैन परंपरेने सप्तव्यसनांच्या त्यागाचा उपदेश केला. त्या उपदेशाचे मोल कमी नाही. पण त्याग आणि उपचार यांत वैर कोठे आहे? १९८६ सालीच पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले आणि व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हे महाराष्ट्राला कृतीतून शिकवले. कायदाही हेच सांगतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधिताशी भेदभाव करण्यास त्याने मनाई केली असून संसर्गाचा धोका घटवणाऱ्या उपायांना संरक्षण दिले आहे.

दोष एकट्या समाजाचा नाही. आपल्याच बांधवांच्या रक्तातून मिळालेले ज्ञान इंग्रजी नियतकालिकांत बंदिस्त राहते. ज्याने नमुना दिला, त्याच्या गावाला निष्कर्षांचे झरोकादर्शनही घडत नाही. परिसंवाद झडतात, अहवाल निघतात, पण ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत चार ओळी लागत नाहीत. संशोधकांनी आणि शासनाने हे ऋण फेडलेच पाहिजे.

तोवर आपण काय करावे? व्यसनमुक्तीची शपथ देणाऱ्या प्रत्येक व्यासपीठावरून एड्सविषयक माहितीसाठी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे निःशुल्क क्रमांक सांगावेत. शासकीय रुग्णालयातील तपासणी विनामूल्य व गोपनीय असते, हे घराघरांत पोहोचवावे. आणि बाधिताला पंगतीत आपल्या शेजारी बसवावे. मंदिराच्या कुलपासाठी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. या कुलपाची किल्ली मात्र आपल्याच कनवटीला आहे!