दप्तरातली पोकेमॉन कार्डं : जप्त करायची की शिकवायची?



मागच्या महिन्यात चौथीतल्या एका मुलाच्या दप्तरात पोकेमॉन कार्डांचा जाडजूड गठ्ठा सापडला. नेहमीप्रमाणे मी तो कपाटात ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "सर, घरातल्या डब्यातले पैसे नेऊन हा पाकिटं आणतो. तुम्हीच समजवा."

मी मुलाला जवळ बसवलं आणि विचारलं, "खेळतात कसं रे हे?" तो म्हणाला, "दोघांनी एकेक कार्ड टाकायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याने दोन्ही घ्यायची."

मित्रांनो, इथेच गोम आहे. हा मूळ खेळ नाहीच! आपली मुलं कार्डं विकत घेतात, पण खेळ त्यांना कोणी शिकवलेलाच नाही.

हा खेळ 1996 मध्ये जपानमध्ये सुरू झाला. प्रत्येकाचा गठ्ठा बरोबर 60 कार्डांचा असतो. साधी ऊर्जा कार्डं सोडली तर एकाच नावाची जास्तीत जास्त 4 कार्डं ठेवता येतात. सुरुवातीला हातात 7 कार्डं घ्यायची आणि 6 बक्षीस कार्डं बाजूला पालथी ठेवायची. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपलं एक बक्षीस कार्ड उचलायचं. सहाही उचलली की जिंकलो. खेळ संपला की ज्याची कार्डं त्याच्याकडेच राहतात.

मग मोठ्या आकड्याचं कार्ड म्हणजे हमखास विजय का? नाही. एका पाळीत साधारणपणे हातातलं एकच ऊर्जा कार्ड जोडता येतं. ज्या हल्ल्याला 3 ऊर्जा लागतात, त्याला एरवी 3 पाळ्या थांबावं लागतं. तोवर समोरचा लहान कार्डांनी मारा करत असतो. शिवाय 'ईएक्स' प्रकारचं दणकट कार्ड बाद झालं, तर समोरच्याला एकदम 2 बक्षिसं मिळतात. म्हणजे ताकदीइतकाच धोकाही मोठा!

आता गणित बघा. गठ्ठ्यात एखादं कार्ड एकच असेल, तर ते पहिल्या 7 मध्ये येण्याची शक्यता 60 पैकी 7, म्हणजे 12 टक्क्यांच्या आत. तेच कार्ड 4 ठेवलं, तर निदान एक येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के होते. वर्गात करून बघायला कार्डं लागतच नाहीत. 60 चिठ्ठ्या करा, 4 वर लाल खूण करा, डोळे मिटून 7 उचलायला लावा. असं 20 वेळा करून फळ्यावर नोंद ठेवा. संभाव्यता हा शब्द न उच्चारता मुलांना ती कळते.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे. खेळ वेगळा आणि पाकीट वेगळं. पाकीट बंद असतं, आत काय निघेल ते आपल्या हातात नसतं. ती एक प्रकारची सोडतच. एका कार्डासाठी दहा पाकिटं फोडण्यापेक्षा मित्राशी अदलाबदल करणं शहाणपणाचं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 'पोकेमॉन टीसीजी पॉकेट' हे मोबाईल ॲप जगभर आलं. त्यात रोज काही पाकिटं फुकट मिळतात, जास्त हवी असतील तर पैसे मोजावे लागतात. पालकसभेत हे जरूर सांगा, कारण मोबाईल पालकांचाच असतो.

मी त्या मुलाला गठ्ठा परत दिला, पण एका अटीवर. नवीन पाकीट आणायचं नाही, आहे त्यातूनच 60 कार्डं निवडायची आणि प्रत्येक कार्ड का घेतलं ते वहीत लिहायचं. एरवी चार ओळी लिहायला कंटाळणाऱ्या या पोराने दोन पानं भरून आणली. पैशांबद्दल त्याने आईला स्वतःहून सांगितलं. सवय लगेच सुटेल असं मी म्हणत नाही. पण कपाटाला कुलूप लावून जे साधलं नसतं, त्याची सुरुवात तरी झाली.

तुमच्या कपाटातही असा एखादा गठ्ठा पडून असेल. काढा बाहेर, आणि आधी मुलांना विचारा, "खेळतात कसं रे हे?"