चाचे कोठडीत, खलाशी वाऱ्यावर!

पस्तीस सोमाली चाचे मुंबईच्या धक्क्यावर उतरवले गेले, तेव्हा आमच्या वाहिन्यांना कोण आनंद झाला! तारीख होती २३ मार्च २०२४. माल्टाचे निशाण लावलेले 'रुएन' हे मालवाहू जहाज चाच्यांनी आदल्या डिसेंबरात पळवले होते. त्याच जहाजाचा तळ करून ते नव्या शिकारीला निघाले आणि 'आयएनएस कोलकाता'च्या हाती सापडले. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर चाळीस तास मोहीम चालली. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मरीन कमांडोंनी समुद्रात उड्या घेतल्या. ओलीस ठेवलेले सतराही जण सुखरूप सुटले. त्यांत बल्गेरियाचे होते, म्यानमारचे होते, एक अंगोलाचा होता. भारताचा एकही नव्हता. तरीही आमचे जवान जिवावर उदार झाले. याचे कौतुक ज्याला वाटत नाही तो करंटा! त्या जवानांना आमचा मुजरा. तो करून आम्ही सरकारकडे वळतो, कारण सरकारला जाब विचारणारे या जल्लोषात कोणी दिसले नाही.

चाचा पकडला, पुढे काय? आणि चाच्याच्या तावडीत आमचा खलाशी सापडला, तर त्याचे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला दिल्लीने दोन तपे घालवली. दुसरा प्रश्न तिने अजून कानावरच घेतलेला नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियातून सात हजार टन ॲल्युमिनियम घेऊन निघाले आणि वाटेतच नाहीसे झाले. चाच्यांनी सतरा खलाशांना समुद्रात तराफ्यावर सोडून दिले, जहाजाला नवा रंग फासला, 'मेगा रामा' असे नवे नाव रंगवले आणि बेलीझचे निशाण चढवून ते अरबी समुद्रात आणले. तटरक्षक दलाची 'ताराबाई' आणि नौदलाची 'प्रहार' यांनी पाठलाग करून ते धरले. पंधरा आरोपी मुंबईत आणले. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा ठोठावली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले! समुद्री चाचेगिरी नावाचा गुन्हाच आमच्या दंडसंहितेत नव्हता. ज्या चोरीची नोंद करायला वहीत रकानाच नाही, तिचा निकाल काय लागणार?

शहाण्या राज्यकर्त्याला एवढा एक फटका पुरला असता. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा भारताने १९९५ मध्येच मान्य केला होता. खुल्या समुद्रातल्या चाच्याला कोणत्याही देशाने पकडावे, आपल्या न्यायालयात उभे करावे, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. तो आधार घेऊन घरचा कायदा करायचा एवढेच काम उरले होते. पण २०१२ चे विधेयक लोकसभेबरोबर बुडाले, २०१९ चे समितीच्या दप्तरात पडून राहिले आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये कायदा संमत झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात नौदलाच्या निशाणावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन मोठ्या समारंभाने चढवण्यात आला होता. आरमाराचे महत्त्व साडेतीनशे वर्षांपूर्वी ओळखणाऱ्या राजाची मुद्रा मिरवायला मुहूर्त सापडतो, आणि त्याच आरमाराने धरून आणलेल्या दरोडेखोरावर कोणते कलम लावायचे हे ठरवायला तो सत्तावीस वर्षे सापडत नाही. याला काय म्हणावे?

या दिरंगाईची किंमत कोणी मोजली, ते आता ऐका.

२०११ च्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत नौदलाने आणि तटरक्षक दलाने चार कारवायांत १२० चाचे पकडून मुंबईत आणले. खुनाचा प्रयत्न, खंडणीसाठी अपहरण, शस्त्रास्त्र कायदा अशी हाताशी येतील ती कलमे जोडून खटले उभे राहिले. ते निकाली निघायला २०१७ उजाडले. शिक्षा पडली सात वर्षांची, आणि तिच्यातली सहा वर्षे कच्च्या कैदेतच सरली होती. इकडे तुरुंगात ही माणसे तारखा मोजत होती आणि तिकडे सोमालियाच्या किनाऱ्यावर 'अस्फाल्ट व्हेंचर' या जहाजाच्या खलाशांवर काय गुदरले होते? सप्टेंबर २०१० मध्ये पळवलेल्या या जहाजावरचे पंधराही जण भारतीय. सहा महिने घासाघीस चालली, खंडणी पोचली, एप्रिल २०११ मध्ये जहाज सोडायचे ठरले. पंधरांपैकी आठ जणांना जहाजावर राहू दिले आणि उरलेल्या सात जणांना किनाऱ्यावर उतरवून रानात नेले. पैसे मिळाले तरी माणसे सोडायची नाहीत, हे सोमाली चाच्यांच्या धंद्याच्या रीतीतही बसणारे नव्हते. पण त्यांचा जाहीर हट्ट होता, मुंबईच्या तुरुंगातले आमचे सोडा, मग तुमचे सोडतो. ते सात जण सुटले ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस. चार वर्षे!

चाच्यांपुढे वाकून १२० जणांना मोकळे करायला हवे होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दरोडेखोराशी अशी अदलाबदल करणारे राज्य उद्या गल्लीतल्या गुंडापुढेही वाकेल. पण ज्या राज्याने ताठ राहायचे ठरवले, त्याने त्या ताठपणाचे ओझे सात घरांच्या डोक्यावर ठेवून मोकळे व्हावे? राष्ट्राच्या करारी धोरणापायी हे सात जण रानात अडकले होते. म्हणजे ते त्या चार वर्षांत राष्ट्राच्याच कामावर होते. सीमेवरचा जवान शत्रूच्या हाती पडला तर त्याचा पगार बंद होत नाही. समुद्रातल्या या माणसांसाठी तसा हक्क कोणत्या नियमाने दिला होता? कोणत्याही नाही. घरच्या माणसांनी अर्ज घेऊन मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि 'प्रयत्न सुरू आहेत' हे उत्तर घेऊन परत फिरायचे.

'आइसबर्ग-१'ची कहाणी याहून काळी. मार्च २०१० मध्ये एडनच्या आखातात हे जहाज पळवले गेले. दुबईच्या मालकाने हात झटकले. चोवीस खलाशी, त्यांत सहा भारतीय, जवळजवळ हजार दिवस ओलीस. डिसेंबर २०१२ मध्ये पुंटलँडच्या सागरी पोलिसांनी वेढा घालून सुटका केली, तेव्हा बावीसच जण उरले होते. या गुन्ह्यातला पहिला आरोपी चाचा आहे हे खरेच. पण आपला माणूस ओलीस पडल्यावर फोन उचलायचे बंद करणारा मालक दुसरा आरोपी नव्हे काय? त्याला कोणत्या न्यायालयात उभे केले गेले?

इथेच या धंद्याची खरी मेख आहे. जहाजाचा मालक एका देशात, व्यवस्थापक दुसऱ्या देशात, निशाण पनामाचे नाहीतर लायबेरियाचे आणि खलाशी रत्नागिरीचा, श्रीवर्धनचा, साष्टीचा नाहीतर उत्तर प्रदेशातल्या एखाद्या खेड्यातला. एका जहाजापुरती एक कंपनी काढायची, म्हणजे उद्या दावा लागला तर जप्त करायला दुसरे काही सापडूच नये! बेलापूरच्या एखाद्या इमारतीत खलाशी पुरवणाऱ्या मॅनिंग एजंटाच्या टेबलावर कराराची पाने उलटली जातात, तेव्हा पोराचे लक्ष डॉलरच्या आकड्यावर असते. जहाज कुठून कुठे जाणार, विमा कोणाचा, अपहरण झाले तर पगार कोण देणार, हे तो विचारत नाही. विचारले तर 'जायचे नसेल तर मागे दहा जण उभे आहेत' हे उत्तर तयार असते. त्यातून एजंट विनापरवान्याचा असला तर बघायलाच नको. खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे, आणि तरी लाखांनी पैसे मोजल्याशिवाय बोटीवर पाय पडत नाही हे बंदराच्या आसपासचे पोरही सांगेल. सागरी महासंचालनालय याच मुंबईत आहे. त्याला हे दिसत नसेल तर त्याने दुर्बीण घ्यावी. नौदलाकडे चांगल्या आहेत.

आता जहाजांच्या बचावाचे पाहू. प्रवासी जहाजांची चिंता करणाऱ्यांना एवढेच सांगतो की श्रीमंतांचे जहाज स्वतःची काळजी घेते. नोव्हेंबर २००५ मध्ये सोमालियाजवळ 'सीबॉर्न स्पिरिट' या सहलीच्या जहाजावर रॉकेट डागले गेले. कान फाडणारे ध्वनियंत्र रोखत, मार्ग बदलत ते निसटले. वेग ताशी अठरा सागरी मैलांच्या वर आणि बाजू उंच असली की चाच्याची शिडी अडकत नाही. शिडी अडकते ती संथ, मालाने पाण्यात दबलेल्या जहाजाला. तिथे दोन इंजिनांची फायबरची होडी कडेला भिडते, आकड्याची शिडी वर जाते आणि काही मिनिटांत सुकाणूच्या कक्षात बंदूकधारी उभा राहतो. तेवढ्या वेळात खलाशांनी इंजिन बंद करून पोलादी दाराच्या सुरक्षित खोलीत स्वतःला कोंडून घेतले तर खेळ उलटतो. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक'वरच्या एकवीस जणांनी, त्यांतले पंधरा भारतीय, हेच केले आणि 'आयएनएस चेन्नई'चे कमांडो येईपर्यंत टिकाव धरला. ही खोली, काटेरी तारा, पाण्याचे फवारे, उपग्रह फोन यांचा खर्च मालकाच्या नफ्यापुढे चिल्लर आहे. तरी तो वाचवला जातो. १ जानेवारी २०२३ पासून तर जहाजधंद्याने हिंदी महासागरातला 'अतिधोक्याचा टापू'च नकाशावरून पुसून टाकला. वर्ष सरायच्या आत 'रुएन' पळवले गेले!

बंदूकधारी पहारेकरी हा उपाय सुचवणाऱ्यांनी केरळच्या कोळ्यांना विचारावे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी 'एनरिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या सैनिकांनी चाचे समजून दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या. खटला देशोदेशी फिरला आणि २०२१ मध्ये दहा कोटींच्या भरपाईवर मिटला. मालाच्या रक्षणासाठी ठेवलेली बंदूक पोटासाठी समुद्रात गेलेल्या माणसावर चालली. पहारेकरी ठेवा, पण गोळी कधी झाडायची याचे उत्तर देणारा भारतीय कायद्याला बांधलेला हवा.

सोमालियातले राज्य १९९१ मध्ये कोसळले, परकी ट्रॉलर त्यांच्या समुद्रातली मासळी लुटून नेऊ लागले आणि त्या रागातून चाचेगिरी माजली, हे आम्हाला माहीत आहे. हा युक्तिवाद ऐकून घेतो. पण त्या लुटीचा हिशेब भारतीय खलाशाकडून कसा वसूल होतो?

२०२२ च्या कायद्याने चाच्याला जन्मठेप आणि त्याच्या हातून मृत्यू झाल्यास फाशीपर्यंतची तरतूद केली. चांगले केले. पण त्याचा सगळा रोख पकडलेल्या चाच्यावर आहे. ओलीस पडलेल्या माणसाचे घर त्याच्या हिशेबात नाही. ओलीस असेपर्यंत करार चालू राहील आणि पगार घरी पोचेल, हे आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने डिसेंबर २०२० पासून बंधनकारक केले आहे. भारताने तो करार मान्य केला आहे. मग कागदावरचे हे कलम बेलापूरच्या टेबलावर का पोचत नाही? अपहरणाचा विमा आणि किमान वर्षभराच्या पगाराइतकी ठेव मालकाने आधी भरल्याशिवाय एकाही भारतीय खलाशाला जहाजावर चढू देऊ नका. जगातल्या दर दहा खलाशांत जवळपास एक आमचा आहे. आम्ही अडून बसलो तर कोणता मालक जहाज रिकामे उभे ठेवणार? मालक पळालाच तर पगार सरकारने पहिल्या महिन्यापासून द्यावा आणि मग तो वसूल करावा. २०१७ च्या नौकाधिकरण कायद्याने थकलेल्या पगारासाठी जहाज बंदरात अडकवून ठेवता येते, त्याच मालकाचे दुसरे जहाजही धरता येते. मुंबई उच्च न्यायालयात हा अधिकार रोज वापरला जातो, तेल पुरवणारे वापरतात, बँका वापरतात. अपहृत खलाशाच्या बायकोच्या वतीने भारत सरकारने असा एक तरी दावा दाखल करून दाखवावा. आणि ज्या एजंटाने विम्याशिवाय पोर पाठवले, त्याला चाच्यांच्या शेजारच्या कोठडीत जागा करून द्यावी.